नेटवर्क ओके आहे

खंडेनवमीला आमच्या दवाखान्यात दुपारी तासभर सगळी यंत्रं बंद ठेवायची पद्धत आहे. शेतकरी औतफाळ पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसं आमच्याकडं ऑपरेशनच्या कात्र्या, रक्त तपासायचं यंत्र, एक्स-रे मशीन आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटातला स्विच पुजला जातो. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या केबली जिथं येऊन मिळतात ती चपटी लोखंडी पेटी. चालू पेटीवर कुंकू टाकलं की आतला पंखा ते ओढून घेतो, हे एका वर्षी घडलेलं आहे, म्हणून पूजेआधी ती बंद करायची. ते काम माझं. एकवीस वर्षं मी त्या पेटीची चाकरी करतोय.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षीही मी बटण बंद केलं, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला झेंडूचा हार कपाटाला अडकवला, पेढा खाल्ला, तासाभरानं बटण चालू केलं आणि घरी गेलो. एवढ्यानं एका बाईची नोकरी गेली. त्यात तिचा काहीही दोष नव्हता हे आधीच सांगून टाकतो, कारण ते सांगायला मी आधीच भरपूर उशीर केलेला आहे.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल. केबलीच्या दोन टोकांना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: वेग किती, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीनं. एकाच वेळी म्हणजे फुल डुप्लेक्स, आळीपाळीनं म्हणजे हाफ. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवली तर ती आपसात ठरवून घेतात. दोन्ही टोकांना हातानं एकच सेटिंग बांधून दिलं तरी चालतं. घोटाळा होतो तो एक टोक बांधलेलं आणि दुसरं ऑटोवर असताना. ऑटोवाल्याला समोरच्याचा वेग कळतो, पण तो एकदम बोलणारा आहे की आळीपाळीनं, हे कळत नाही. मग तो सावध माणसासारखा आळीपाळीचा नियम धरून बसतो.

दौलताबादला वेरूळच्या रस्त्यावर जुनी वेस आहे, तिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते. समजा एका बाजूच्या ड्रायव्हरांना कुणी सांगितलं की वेस दुहेरी आहे, या बिनधास्त. दुसऱ्या बाजूचे मात्र एकेरीचा नियम पाळतायत. समोरून गाडी दिसली की ते मागं घेणार, थांबणार, पुन्हा पुढं येणार. रस्ता रिकामा असला तर सगळं सुरळीत दिसतं. गर्दी झाली की कोंडी. आणि लांबून बघणाऱ्याला वेस उघडीच दिसते. स्विचवरचा हिरवा दिवाही तसाच लागलेला असतो.

तळघरातलं आमचं एक्स-रे मशीन जुनं. त्याच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड ऑटोवर ठेवलं की रुसायचं, म्हणून कंपनीच्या इंजिनिअरनं ते शंभरच्या वेगावर आणि फुलवर बांधून टाकलं होतं, वर ‘सेटिंग बदलू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. म्हणजे माझ्या बाजूचा पोर्टही, पेटीवरचं केबल घालायचं छिद्र, तसाच बांधलेला हवा. तो होता. पण गणपतीच्या दिवसांत स्विचचा तो पोर्ट मेला. मी केबल काढून सतरा नंबरच्या पोर्टात घातली, त्याला शंभर आणि फुलच्या दोन ओळी दिल्या, छातीचा एक फोटो पाठवून बघितला. तीन सेकंदांत वर आला. आता फक्त सेव्ह करायची एक ओळ राहिली होती. तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून फोन आला की प्रिंटर चालत नाही. मी उठलो. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. परत आल्यावर ती ओळ माझ्या डोक्यातून गेलेली होती.

सेव्ह न केलेलं सेटिंग पेटी चालू आहे तोवरच जगतं. पेटी बंद होऊन पुन्हा चालू झाली की ती जुनं जे लिहिलेलं असेल तेच वाचते, आणि सतरा नंबरला जुनं काय लिहिलेलं होतं, तर ऑटो. बॅटरीमुळं आमची पेटी कधी बंद पडत नाही. वर्षातून एकदाच पडते, खंडेनवमीला, माझ्या हातानं.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या. पणजोबा आणि आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील जिल्हा कोर्टात. लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं वडील म्हणायचे. त्यांच्या मुलानं मात्र कधी वही ठेवली नाही. कुठला पोर्ट कुणाचा, कुठं काय बांधलंय, सगळं डोक्यात. लोक म्हणायचे, तुमचं डोकं म्हणजे कॉम्प्युटर. मी ते खरं मानून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती हजर झाली. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त म्हणून आमच्या व्यवस्थापक साहेबांनीच तो दिवस दिला होता. एक्स-रे तंत्रज्ञ, सकाळची पाळी, तीन महिने बघून मग कायम. गाव पाचोड, घरची शेती, वय तिशीच्या आसपास. अंगावर नवी साडी आणि त्यावर दवाखान्याचा पांढरा कोट, एक माप मोठा. तिचं लॉगिन तयार करायला मी खाली गेलो तेव्हा तिनं विचारलं, “सर, पासवर्डला लेकीचं नाव चालतं का?”

मी तिला पासवर्ड कसा असावा यावर पाच मिनिटांचं भाषण दिलं. ती मान हलवत राहिली. मग आपणहून म्हणाली, “लेक गावाकडं सासूबाईंजवळ हाय. घरचे म्हनले, तीन महिने बघ. कायम झालीस तर पोरीला इथंच शाळेत घालू. नाय झालीस तर परत ये, मग पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाय.”

मी म्हणालो, “होईल की कायम. कामात काही अवघड नाही.”

त्याच सकाळी अकरा वाजता तिचा पहिला फोन आला. फोटो वर जायना. वर म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या पडद्यावर. मी जागेवरून तिच्या कॉम्प्युटरला पिंग मारलं. पिंग म्हणजे दारावर टकटक करून आतून ‘ओ’ येते का बघायचं. चार टकटका, चार ओ, तेही लगेच. कपाटाकडं मान वळवून बघितलं, सतरा नंबरचा दिवा हिरवा. मी फोनवर सांगितलं, “नेटवर्क ओके आहे. तुमच्याकडं काहीतरी चुकतंय.”

हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, मोजलं नाही. खुर्चीतून न उठता ऐकवलं एवढं नक्की. तळघरात जायला तीन मजले आणि एक जिना, आणि लिफ्ट बऱ्याचदा स्ट्रेचरसाठी अडकलेली. पण खरं कारण जिना नव्हतं. सतरा नंबर मी स्वतः बांधला होता, आणि मी बांधलेलं सुटू शकतं हे माझ्या मनातच येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसाही घातला नाही.

सकाळी ओपीडीची गर्दी. तळघराच्या बोळात हात गळ्यात बांधलेली माणसं, खुर्चीवर बसवलेल्या म्हाताऱ्या, खोकणारे. एकेक फोटो आठ-आठ, दहा-दहा मिनिटं अडकायचा. हाडांचे डॉक्टर वरून ओरडायचे की फोटो येईपर्यंत हाड आपोआप जुळेल. ती खाली लोकांची बोलणी खायची आणि वर डॉक्टरांची. संध्याकाळच्या पाळीतल्या तंत्रज्ञाची मात्र काही तक्रार नव्हती. संध्याकाळी पेशंट कमी, फोटो एखाददुसरा, मशीनच्या कॉम्प्युटरवर वरून येणारी पेशंटांच्या नावांची यादीही छोटी. वेशीवर गर्दीच नाही तर कोंडी कुठून होणार. पण हा विचार करण्याऐवजी सगळ्यांनी सोपा विचार केला: यंत्र तेच, केबल तीच, संध्याकाळी चालतं आणि सकाळी चालत नाही, म्हणजे सकाळच्या बाईतच काहीतरी आहे.

मग पायगुण निघाला. कुणी काढला माहीत नाही, पण दिवाळीपर्यंत तो चार मजले हिंडून आला. बाई दसऱ्याला आली आणि त्याच दिवसापासून मशीनला साडेसाती लागली. औषधाच्या काउंटरवर, नर्सांच्या खोलीत, लिफ्टमध्ये. एका आयानं मशीनवरून लिंबू उतरवून टाकल्याचंही मी ऐकलं. ते तिच्यासमोरच उतरवलं म्हणे.

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. सगळ्यांना चहाच्या वेळी ऐकवायचो, पायगुण-बियगुण काही नसतं, कशाचंही कारण असतं. लोक म्हणायचे, मग तुम्हीच सांगा कारण. मी सांगायचो, हात मंद आहे, सवय नाही, गावाकडनं आलीय, शिकेल. पायगुणावर विश्वास न ठेवण्याचा मला अभिमान होता. त्या अभिमानापोटी मी तिचं जे नुकसान केलं, ते त्या लिंबानं केलं नाही.

डिसेंबरात एकदा ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत आली. हातात शाळेची दोनशे पानी वही. दारातच उभी राहून म्हणाली, “सर, जरा बघता का? मी लिहून ठिवलंय.”

वहीत तारखा, वेळा, कुठल्या अवयवाचा फोटो, किती वेळ लागला. तिनं बोट ठेवून दाखवलं. “बोटाचा फोटो लगीच जातो. छातीचा अडकतो. म्हंजी लहान जातंय, मोठं अडकतंय. आन् अजून एक हाय. वरून यादी यायला लागली की त्याच येळेला माझा फोटो थांबतो. दोघं एकदम बोलाया लागले की अडकतंय, सर. एक गप बसला की दुसऱ्याचं जातं.”

आज हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात. डुप्लेक्स हा शब्द तिनं कधी ऐकला नसेल. पण जे पुस्तकात अर्धं पान घेतं ते तिनं तीन वाक्यांत सांगितलं होतं, आणि पुराव्यासकट. माझ्या जागी कुणी शिकाऊ असता तरी तिथंच उठला असता, एक ओळ टाइप केली असती आणि सतरा नंबरचं खरं रूप बघितलं असतं. मी हसलो. म्हणालो, “ताई, कॉम्प्युटर म्हणजे पाचोडचा बाजार नव्हे. कोण कधी बोलतंय ते आम्ही बघतो. तुम्ही फोटो काढायचं बघा.”

तिनं वही मिटली. “बरं सर,” म्हणाली आणि गेली. खोलीत माझ्यासोबत हिशेब विभागाचे एक गृहस्थ डबा खात होते, तेही हसले. मला तेव्हा आपण मजेदार बोललो असं वाटलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तीन महिने संपत आले होते. साहेब शहरातलेच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारे. म्हणाले, “त्या एक्स-रेच्या बाईचं काय करायचं? लोग बोलते हैं पायगुण. आता पायगुण तर फाइलला लावता येत नाही ना. तुम्ही टेक्निकल माणूस आहात. तुम्ही दोन ओळी द्या.”

मी दिल्या. जागेवर आलो, दहा मिनिटांत टाइप केलं, सही केली. ‘नेटवर्कची तपासणी केली. नेटवर्क सुस्थितीत आहे. विलंब हा ऑपरेटरच्या पातळीवर होत असावा.’ असावा हा शब्द मुद्दाम घातला, घराण्याची कारकुनी कुठं जाते. तपासणी केली हे वाक्य खोटं होतं. पिंग मारणं म्हणजे तपासणी नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पायगुणावर साहेबांनी तिला काढलं नसतं. काढलं ते माझ्या कागदावर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा शेवटचा दिवस होता. तिनं सगळ्या मजल्यांवर तिळगूळ वाटला. माझ्याही हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली नाही. मी तो तिळगूळ खाल्ला.

तिच्या जागी साहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा आला. पस्तिशीचा, जालन्याला कुठंतरी काम केलेला, बोलायला गोड. पहिल्याच सकाळी त्याचा फोन आला, फोटो वर जात नाही. आणि मी उठलो. लिफ्टची वाटही न बघता तीन मजले आणि तळघराचा जिना उतरलो. हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही. तिचे शंभर फोन आले तरी उठलो नाही, आणि साहेबांचा नातलग म्हटल्यावर पहिल्या फोनला उठलो.

खाली त्याच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शंभर आणि फुल, जसंच्या तसं. वर आलो, सतरा नंबरची माहिती मागवली. पडद्यावर ओळ आली. वेग शंभर. डुप्लेक्स हाफ. खाली टकरींचा, म्हणजे दोन्ही टोकं एकदम बोलून किती वेळा आपटली त्याचा आकडा, इतका लांब की मी बोट ठेवून अंक मोजले. दसऱ्यापासून त्या बोळात जेवढी माणसं ताटकळली त्या प्रत्येकाच्या वाटची टक्कर त्यात होती. मी बराच वेळ ती ओळ वाचत बसलो. मग दोन ओळी टाइप केल्या, आणि तिसरी, सेव्हची. खाली फोन करून छातीचा फोटो पाठवायला सांगितलं. तीन सेकंद.

दुपारपर्यंत दवाखाना खूश. बोळ रिकामा. साहेबांनी संध्याकाळी पेढे मागवले आणि मला म्हणाले, “देखा? पोरगा आला आणि मशीन सुतासारखं सरळ झालं. पायगुण, दुसरं काय.” मी मान हलवली. पेढाही घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. सुळी दिल्यावर चोरालाच पेढा देतात हे त्यात नव्हतं.

दोन दिवसांनी त्या नव्या गृहस्थानं ड्रॉवर साफ करताना सापडली म्हणून तिची वही माझ्याकडं पाठवून दिली. मी ती शेवटपर्यंत वाचली. तारखा आणि वेळांच्या शेजारी अधूनमधून एकच वाक्य होतं: ‘सरांना सांगितलं. सर म्हणाले नेटवर्क ओके आहे.’ रागाचा एक शब्द नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलनं दोन गावांची नावं आणि मध्ये एक रेघ, रेघेवर समोरासमोर दोन बाण. खाली प्रश्नचिन्ह.

मार्चमध्ये मी पाचोडला गेलो. बायकोला सांगितलं कामानिमित्त जातोय. एसटीतून उतरलो तो बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. विचारत विचारत गेलो. ती एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसलेली सापडली. समोर एक म्हातारा, हातात आधार कार्ड. ती त्याला प्रश्न विचारत होती आणि पडद्याकडं न बघता टाइप करत होती. त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत तिची बोटं पुढच्या रकान्यात गेलेली असायची. मी दारात उभा राहून ते बघितलं. मंद हात.

तिनं मला ओळखलं. “बसा सर,” म्हणाली, चहा सांगितला. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सेव्हची ओळ, खंडेनवमी, सतरा नंबर. सांगताना मला वाटत होतं ती रडेल, किंवा चिडेल. दोन्हीची मी तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, “व्हय. मला तवाच वाटलं व्हतं. तुमाला सांगितलं व्हतं की मी.”

मी म्हणालो, “हो. सांगितलं होतं.”

“वही घावली का तुमाला?”

मी वही पिशवीतून काढून दिली. तिनं ती न उघडता बाजूला ठेवली. म्हाताऱ्याची पावती छापून त्याला दिली, नीट समजावून सांगितली. मग माझ्याकडं वळली. “सर, मी दुसऱ्या दोन दवाखान्यांत जाऊन आले. दोन्हीकडं काम बघून हो म्हनले. मग त्यांनी तुमच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हनले, बाईचा हात मंद हाय, तसं आमच्या टेक्निकल माणसानं लिहूनच दिलंय. झालं. आता घरचे म्हंत्यात बास झालं.” पुढं म्हणाली, “तुमी जसं ते लिहून दिलं तसं हे लिहून द्या. चूक नेटवर्कची व्हती, बाईची नव्हती. एवढंच. जूनच्या आत दिलं तर लेकीचं ॲडमिशन व्हईल.”

तिनं नोकरी परत मागितली नाही. माफीबद्दलही काही बोलली नाही. मी म्हणालो, “आठवड्यात देतो.”

पहिला मसुदा मी खरा लिहिला. ‘माझ्या चुकीमुळं.’ तो वाचून हात थांबला. दुसऱ्या मसुद्यात ‘माझ्या’ गेलं आणि ‘तांत्रिक त्रुटीमुळं’ आलं. तिसऱ्यात ‘त्रुटी आढळून आली असावी.’ तो घेऊन मी साहेबांकडं गेलो, कारण दवाखान्याच्या कागदावर त्यांची सही लागते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. आवाज अगदी मायेचा होता. “अहो, हे दिलं तर जानेवारीचा कागद खोटा ठरतो. तो कागद कुणाचा? तुमचा. उद्या ती बाई कोर्टात गेली तर पहिलं नाव तुमचं. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली ना तुमची? जाने दो.” कागद त्यांनी फाडला नाही. माझ्याकडं परत सरकवला. फाडायचा असला तर मीच फाडावा, असं असावं.

मी फाडला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, मी म्हणालो, करतोय, साहेबांची सही राहिलीय. मेमध्ये पुन्हा आला. पडद्यावर तिचं नाव दिसलं. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तो थांबेपर्यंत कपाटातल्या दिव्यांकडं बघत बसलो. जूनमध्ये फोन आला नाही.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आता मी एक वही ठेवतो. प्रत्येक पोर्टचा वेग, डुप्लेक्स, तारीख, सेव्ह केलं का, खाली सही. पूजेआधी मी स्विच सेव्ह केला, मग पुन्हा सेव्ह केला, मग बंद केला. कुणीतरी म्हणालं, सर आता म्हातारपणी लई सांभाळून वागायला लागले. सगळे हसले. तासाभरानं बटण चालू केलं. सतरा नंबरचा दिवा लागला. ओळ काढून बघितली: शंभर, फुल. यंत्राच्या बाबतीत मी आता चूक करत नाही.

त्या दोन वर्षांतले सहा-सात महिने गेले. निवृत्त झालो की लिहून देईन, असं मी स्वतःला सांगतो. तिची लेक तोवर गावच्या शाळेत दुसरीत गेलेली असेल. तोपर्यंत हे लिहिलंय. यात सेव्हची राहिलेली ओळ आहे, टकरींचा आकडा आहे, तिची वही आहे, चूक कुणाची तेही सरळ लिहिलंय. मात्र यात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. दवाखान्याचं नाही, तिचं नाही, माझं नाही. असला बिननावाचा, बिनसहीचा कागद कुठल्याच दवाखान्यात चालत नाही. आम्ही तीन पिढ्यांचे कारकून, आम्हाला ते चांगलं माहीत असतं.